हाक ऐकू का येत नाही?



आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. गटाची बैठक संपली, वह्या-पासबुकं पिशवीत गेली, की उठता उठता जे बोलणं होतं त्यात हल्ली एक गोष्ट हमखास निघते. "पोरगं समोर बसलेलं असतं, पण घरात नसतं." "तीन हाका मारल्या तरी ओ देत नाही, चौथ्या हाकेला वर बघतं आणि उलट विचारतं, ओरडतेस कशाला?" ज्यांची मुलं-मुली पुण्यात शिकायला आहेत त्यांची काळजी आणखी वेगळी. तिथल्या गर्दीत, त्या गाड्यांमध्ये, आपलं पोर फोनमध्ये बघत चालत असेल का?

असतं. उगाच खोटा धीर देण्यात अर्थ नाही. आम्ही पुणे शहरातल्या वस्त्यांमध्ये बचत गटांचं काम करतो, दिवसातून दहा वेळा रस्ता ओलांडतो. सदाशिव पेठेत संध्याकाळी अभ्यासिका सुटल्या की स्पर्धा परीक्षेची मुलं मेसकडे निघतात, तेव्हा निम्म्या माना खाली असतात. कानात इअरफोन, हातात फोन, आणि पाय आपले सवयीनं चाललेले. फुटपाथ कुठे खणलेला, कुठे त्यावर टपरी, म्हणून मुलं रस्त्यावर उतरतात. मागून पीएमपीची बस येते. भीमथडी जत्रेत माल घेऊन आलेल्या तुमच्यापैकी कित्येकींनी हे दृश्य पाहिलेलं आहे.

आता एक गोष्ट आधी समजून घेऊ, कारण तिच्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. आपण म्हणतो, "मुद्दाम दुर्लक्ष करतो." काही वेळा ते खरंही असेल. पण बरेचदा हाक खरोखरच पोचलेली नसते. आवाज कानापर्यंत जातो, मनापर्यंत जात नाही. माणसाचं लक्ष एका वेळी एकाच कामात नीट असतं. भाकरी थापता थापता आपण गप्पा मारतो, कारण भाकरी हाताला पाठ झालेली असते, तिथे लक्ष लागत नाही. पण गटाचा हिशेब लिहिताना कुणी मध्येच बोललं तर बेरीज चुकते. फोनवरचा व्हिडिओ, खेळ, मेसेज हे सगळं हिशेबासारखं आहे, भाकरीसारखं नाही. त्याला डोळेही लागतात आणि मनही लागतं.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका विद्यापीठात याची गमतीदार परीक्षा घेतली गेली. २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. विद्यापीठाच्या मोठ्या चौकात एक विदूषक फिरवला. रंगीबेरंगी कपडे, लाल नाक, मोठाले बूट, आणि बसलेला एका चाकाच्या सायकलवर. जत्रेत असा माणूस आला तर अख्खा गाव गोळा होईल. चौक ओलांडून आलेल्या लोकांना विचारलं, विदूषक दिसला का? एकटे, फोनशिवाय चालणारे होते त्यांच्यातल्या निम्म्यांना दिसला होता. फोनवर बोलत चालणाऱ्यांपैकी मात्र चौघांत एकालाच. बाकीचे तिघे त्याच्या जवळून गेले तरी त्यांना तो दिसलाच नाही. आणि हे नुसतं फोन कानाला लावून बोलणारे लोक होते बरं का, मान खाली घालून पडद्यात बघणारे नव्हेत.

पण या परीक्षेतला आम्हाला सगळ्यात आवडलेला भाग पुढेच आहे. दोघं दोघं गप्पा मारत चालले होते त्यांच्यापैकी शंभरात एकाहत्तर जणांना विदूषक दिसला. म्हणजे बोलणं हा दोष नाही. शेजारी चालणारी मैत्रीण तोच रस्ता बघत असते. गाडी आली की ती बोलायचं थांबते, हात धरून मागे ओढते, "अगं ते बघ" म्हणते. फोनच्या पलीकडच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. तो आपला बोलतच राहतो, विचारतच राहतो, आणि आपण उत्तर द्यायच्या नादात पाऊल पुढे टाकतो.

इथे थोडं आपल्याकडेही बघायला हवं. पुण्यातल्या मुलांना घरून फोन कधी जातात? गुरांचं, धारेचं, स्वयंपाकाचं आटपलं की, म्हणजे संध्याकाळी सात-साडेसातला. नेमकी तीच वेळ मुलं क्लासवरून खोलीकडे किंवा मेसकडे रस्त्यानं चाललेली असतात. आईचा फोन म्हणून मूल उचलतंच. मग "जेवलास का", "पैसे पोचले का", "मामाच्या घरी गेला होतास का" हे सगळं स्वारगेटच्या नाहीतर डेक्कनच्या चौकात चालतं. फोन लागला की पहिला प्रश्न "कुठे आहेस?" हा असू द्या. "रस्त्यात" म्हणालं तर "खोलीवर पोचल्यावर तूच फोन कर" एवढंच सांगून ठेवून द्या. चार आण्याचाही खर्च नाही यात.

रस्त्याचं गणित सांगतो, ते मुलांनाही सांगा. ताशी चाळीस किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे येते. आलेला मेसेज वाचायला तीन सेकंद लागले असं धरलं, तरी तेवढ्यात ती गाडी तेहतीस मीटर जवळ आलेली असते. म्हणजे मान खाली घातली तेव्हा जी दूर होती, ती वर बघेपर्यंत अंगावर. त्यात पुण्यात २०१९ पासून पीएमपीच्या विजेवर चालणाऱ्या बस धावतात. धूर नाही, ही चांगलीच गोष्ट. पण जुन्या डिझेलच्या बससारखा तिचा घरघराट दुरून येत नाही. विजेच्या स्कूटरही तशाच. पूर्वी कानाला कळायचं की मागे काही आहे. आता कानही मोकळे नाहीत आणि गाडीही मुकी.

गाडी चालवताना फोन वापरला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाच हजारापासून पाच हजारांपर्यंत दंड किंवा तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतं. गावाकडे मोटारसायकलवर मान वाकडी करून खांद्यात फोन धरलेली पोरं आपण बघतोच. त्यांना हा दंड माहीत नसतो असं नाही. गावात पोलीस नसतात एवढंच.

मग ही मुलं फोन खाली का ठेवत नाहीत? आळस, वाईट संगत, संस्कार कमी पडले, अशी कारणं आपण देतो आणि बहुतेक वेळा घरातल्या आईला दोष देऊन मोकळे होतो. आमचं मत वेगळं आहे. ती वस्तूच अशी बनवलेली आहे. पुस्तकाला शेवटचं पान असतं, सिनेमाला शेवट असतो, आकाशवाणीवरच्या कार्यक्रमालाही वेळ असते. रील्सना शेवट नाही. बोट सरकवलं की पुढचं, पुन्हा सरकवलं की त्याच्या पुढचं. पान संपू नये अशी ही सोय २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञानं तयार केली, आणि पुढे त्यानंच तिच्या दुष्परिणामांबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

दुसरी गोष्ट मटक्यासारखी आहे. मटक्यात रोज आकडा लागला असता तर माणूस कंटाळला असता, आणि कधीच लागला नसता तर सोडून दिलं असतं. कधीतरी लागतो, म्हणून तो रोज जातो. रील्सचंही तसंच. दहा फालतू असतात, अकरावी हसवते. ती अकरावी कधी येईल ते ठाऊक नसतं, म्हणून बोट थांबत नाही. आपण कोणती रील किती वेळ बघितली याची नोंद फोन ठेवतो आणि पुढच्या खेपेला तशीच समोर आणतो. एका बाजूला सोळा वर्षांचं पोर, दुसऱ्या बाजूला मोठमोठ्या कंपन्यांचे हजारो हुशार इंजिनिअर. सामना बरोबरीचा नाही. हे कळलं की मुलावर ओरडताना आपला आवाज थोडा खाली येतो, आणि खालच्या आवाजातलं मुलं ऐकतात असा आमचा अनुभव आहे.

फोन घरात आला कसा तेही आठवा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि इंटरनेट एकदम स्वस्त झालं. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा फोनवर गेली. त्या वेळी आपणच गटातून कर्ज काढून, कुणी शेळी विकून मुलांना फोन घेऊन दिले. ते योग्यच होतं, दुसरा मार्गच नव्हता. शाळा उघडली, फोन मात्र परत गेला नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालात २०२४ साली देशभरातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांची पाहणी होती. शंभरातल्या ब्याऐंशीहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला असं सत्तावन्न टक्क्यांनी सांगितलं, आणि व्हॉट्सअप, इन्स्टाग्राम अशांसाठी वापरला असं शहात्तर टक्क्यांनी.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे छत्तीस टक्के, मुली सत्तावीस टक्के. यावर आम्हाला जरा जोरात बोलायचं आहे. घरात "फोन फार झाला" अशी ओरड सुरू झाली की पहिला फोन कुणाचा जातो? मुलीचा. दिवसभर पारावर गेम खेळणाऱ्या भावाला कुणी हात लावत नाही. मुलीचा फोन जातो, मग क्लास जातो, मग "आता स्थळं बघू" सुरू होतं. फोनच्या नावाखाली मुलींची शाळा सुटता कामा नये. नियम करायचा तर घरातल्या सगळ्यांना एकच, वडील आणि भाऊ धरून.

पुण्यात राहणाऱ्या मुलींचं आणखी एक आहे. त्या सांगतात, "रात्री अंधाऱ्या गल्लीतून जाताना कुणाशी तरी फोनवर बोलत चाललं की भीती वाटत नाही." कारण खरं आहे, त्याला हसू नका. पण बोलण्यात लक्ष गेलं की मागे कोण चाललंय ते कळत नाही, हेही तितकंच खरं. त्यापेक्षा व्हॉट्सअपवरून आपण कुठे आहोत ते मैत्रिणीला किंवा घरी पाठवता येतं. 'लाइव्ह लोकेशन' म्हणतात त्याला, तासाभरासाठी चालू ठेवता येतं. ते चालू करायचं, कान मोकळे ठेवायचे, फोन हातात पण नजर समोर. आणि ११२ हा आणीबाणीचा नंबर पाठ असू द्यायचा. तुमच्या गटातल्या एखाद्या मुलीला पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना करून दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

फोनपायी भान सुटतं ते फक्त रस्त्यावर नाही. जून २०२४ मध्ये पुण्यात स्वामीनारायण मंदिराजवळच्या एका पडीक इमारतीच्या कठड्यावरून एक मुलगी एका मुलाच्या हाताला धरून खाली लोंबकळली, कशासाठी, तर रीलसाठी. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. ती वाचली. पुढच्याच महिन्यात रायगड जिल्ह्यात माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर व्हिडिओ करताना मुंबईची एक तरुणी दरीत कोसळली, ती वाचली नाही. फोनच्या चौकटीत पाय दिसत नाहीत, आणि दरी तर पायाशीच असते.

पैसे लावून खेळायच्या खेळांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचा संबंध थेट आपल्या बचतीशी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तरी चोरवाटा असतात. तुमच्या फोनमधून पैसे पाठवायचा पिन मुलाला माहीत असेल तर आजच बदला. पैसे फसवून गेले तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवा.

आता उपायाकडे येऊ. मुलं एकेकटी फोन सोडत नाहीत, कारण वर्गातले बाकी सगळे त्यावर असतात. "मी नसलो तर मागे पडेन" ही त्यांची भीती. म्हणून एका घरानं केलेला नियम आठवड्यात मोडतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं ही गाठ ओळखली. गाव सुमारे तीन हजार वस्तीचं. तिथे १४ ऑगस्ट २०२२ ला महिलांची ग्रामसभा भरली, लक्षात घ्या, महिलांची, आणि भोंगा घ्यायचं ठरलं. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. मग दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, की चालू. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, एकमेकांशी बोलायचं. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. पण नुसत्या भोंग्यानं काम झालं नाही. सुरुवातीला लोकांना ते जमेल असं वाटत नव्हतं. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, घराघरांत बसून समजावलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीनं दुसरी वाट धरली. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी, मोडली तर दोनशे रुपये दंड. हेतू चांगलाच. पण दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर आम्ही वडगावचं निवडू. वडगावात मोठ्यांचेही फोन बंद होतात, म्हणून मुलांना ती शिक्षा वाटत नाही. शिवाय बंद करण्याची वेळ ठरलेली, तशी चालू करण्याचीही ठरलेली. मटण सोडायचं म्हटलं तर कुणी सोडणार नाही, पण श्रावण सगळे पाळतात, तसंच काहीसं हे.

तुमच्या गावात भोंगा नसला तर नसू द्या. एका गटात दहा-बारा बायका म्हणजे दहा-बारा घरं. एवढ्यांनी मिळून संध्याकाळचा एक तास ठरवला, तरी त्या घरांतल्या मुलांना "फक्त माझ्याच घरी" म्हणायला जागा राहत नाही. मात्र त्या तासात काय करायचं ते आधी ठरवा. फोन काढून घेतला आणि हातात काहीच दिलं नाही, तर मूल भिंतीकडे बघत बसेल आणि तुमच्याशी भांडेल. कबड्डीचं मैदान आखा, गावच्या वाचनालयाची किल्ली कुणाकडे आहे ते शोधा, कॅरम आणा. मुलींना खेळायला जागा कुठे आहे, हा प्रश्न तर बहुतेक गावांत अजून कुणी विचारलेलाच नाही.

लहानग्यांबद्दल वेगळं बोलायला हवं. बाळ जेवत नाही म्हणून त्याच्यापुढे फोन लावायची पद्धत आता वाडीवस्तीवरही आली आहे. बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स, सांगते की दोन वर्षांपर्यंत पडदा दाखवूच नये, अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडून. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. आणि फोन बाळाच्या हातात नसून आईच्या हातात असला तरी बाळाला फरक पडतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात, फोन यायच्या कितीतरी आधी, एक प्रयोग केला होता. आई बाळाशी हसत-बोलत असते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून तिला बोलवतं, हात पसरतं, ओरडतं, आणि शेवटी तोंड फिरवून रडू लागतं. पडद्यात बुडालेल्या माणसाचा चेहरा कसा दिसतो, एकदा निरखून बघा. मग मोठेपणी तेच मूल आपल्या हाकेला ओ देत नाही, तर ते शिकलं कुठून, हा प्रश्न घरातल्या सगळ्या मोठ्यांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. त्यात सासरेबुवा आणि नवरेही आले.

शेवटी एक फरक सांगतो. फोन जास्त बघणं ही सवय आहे, ती मोडते. पण काही मुलांचं त्यापुढे गेलेलं असतं. झोप उडते, जेवण सुटतं, शाळा-कॉलेज बुडतं, फोन घेतला तर अंगावर धावून येतात किंवा जीव द्यायची भाषा करतात. खेळाच्या अशा व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या यादीत घेतलं आहे. तिथे मार, शपथा, देवऋषी यांचा उपयोग नाही. मुलगा जीव द्यायचं बोलला तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळं उपचार केंद्र आहे. एवढ्या लांब जायची गरज नाही. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आणि घरातून बाहेर पडणं जमत नसेल, किंवा चारचौघांत नाव नको वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे. नंबर १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. मुलानंच फोन करायला हवा असं नाही, आईनं केला तरी चालतो. नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि ज्या मैत्रिणीला वाचता येत नाही तिच्या फोनमध्ये आजच कुणीतरी साठवून द्या.